गवताचा धंदा आणि कुळकायदा : डहाणू-तलासरीच्या वादाची पार्श्वभूमी

डहाणू-तलासरीत सध्या जुने फेरफार उकरून जमीन नेमकी कोणाची, मालकाची की कुळाची, हा वाद पुन्हा निघतो आहे. तो समजायला गवतापासून सुरुवात करावी लागते. पालघर जिल्ह्यातल्या वरकस, म्हणजे भाताला न येणाऱ्या हलक्या माळजमिनींच्या सातबाऱ्यावर ‘गवतपड’ हा शेरा आजही सापडतो. वर्षानुवर्षं गवत विकून पैसा देणाऱ्या जमिनीही सरकारदरबारी अशा पडच राहिल्या.

१८६४ साली गुजरातकडून येणारी रेल्वे मुंबईत पोचली आणि माळावरच्या गवताला गिऱ्हाईक मिळालं. शहरात घोडागाड्या होत्या, १८७४पासून घोड्यांच्या ट्रामा आल्या, म्हशींचे तबेले होतेच. गवत हलकं पण जागा फार खातं, म्हणून ते दाबून, गाठी बांधून पाठवायचं. १९०५मध्ये घोड्यांच्या ट्रामा बंद झाल्या. म्हशी राहिल्या आणि धंदाही राहिला.

मालकाला याहून सोपं उत्पन्न नव्हतं. नांगरट नाही, बियाणं नाही, बैलजोडी नाही. मोठा खर्च कापणीच्या मजुरीचा, आणि तीही पाऊस सरल्यावरच्या थोड्या आठवड्यांत उरकायची. उशीर झाला की गवताची नुसती काडी होते, गुरं तोंड लावत नाहीत. शिवाय वणव्याची भीती. म्हणजे नफा मजुरी दाबण्यावरच उभा होता, आणि कर्जात व वेठीत अडकलेल्या वारल्यांकडून ती सहज दाबता येई.

ऑक्टोबर १९४५मध्ये वारल्यांनी नेमक्या याच वेळी विळे खाली ठेवले. मागणी होती ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. गवत उभं वाळत होतं, त्यामुळे मालकांना फार ताणता येईना. त्याच महिन्यात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात पाच आदिवासी मारले गेले.

खरा गुंता पुढे १९४८च्या कुळकायद्याने केला. त्यातल्या ‘शेती’च्या व्याख्येत गवत पिकवणंही येतं. पण ‘जमीन कसणे’ या व्याख्येखालच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की, गवत कापण्याचा मक्ता घेणारा माणूस केवळ तेवढ्यावरून जमीन कसणारा ठरत नाही. जमीन दोघांची तीच, गवत तेच. पण मालकासाठी ती शेती आणि कापणाऱ्यासाठी नुसता मक्ता. व्यापाऱ्याने एका हंगामापुरतं गवत विकत घेऊन कूळ म्हणून उभं राहू नये, हा हेतू असेल तर तो रास्तच. पण त्याच माळावर तुकडाभर नाचणी लावणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या गवत कापणाऱ्या घरालाही तेच स्पष्टीकरण आडवं येऊ शकत होतं. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनी जमीन कसणाऱ्या कुळाची झाली, पण आधी आपण कसतो हे त्याला सिद्ध करावं लागे. पीकपाहणीत, म्हणजे जमिनीत काय पिकतं आणि कोण पिकवतं याच्या सरकारी नोंदीत, ‘गवत’ आणि नाव मालकाचं, तर कूळ दाखवणार काय? हा अन्याय होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच मुंबई राज्यात, शेजारच्या (आता गुजरातेतल्या) पारडी तालुक्यात, १ सप्टेंबर १९५३ला समाजवादी कार्यकर्त्यांनी सत्याग्रह सुरू केला. घासिया, म्हणजे गवतासाठी राखलेल्या जमिनीत धान्य पिकवू द्या, एवढंच मागणं होतं. मालकांचा हिशेब उलटा होता : धान्याला खर्च आणि कुळाचा धोका, गवताला दोन्ही नाही. समझोता व्हायला १९६७ उजाडलं.

१९४९ साली आरे कॉलनी झाली आणि शहरातल्या बऱ्याच म्हशी तिकडे गेल्या. चाऱ्याची गरज मात्र तेवढीच राहिली. आता भाताचा पेंढाही यंत्राने गाठी बांधून ट्रकने जातो. वरकस जमिनीला आज गवतापेक्षा प्लॉटचा भाव जास्त, त्यामुळे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, पुन्हा उकरले जात आहेत.