धुकं नेमकं कधी उठलं?

हिवाळ्यात सकाळी वाईहून निघालेली एसटी पसरणी घाट चढून आली की खाली कृष्णेचं खोरं धुक्यानं भरलेलं दिसतं. ऊन आलं तरी ते एकदम जात नाही. इकडची शिवारं मोकळी होतात, धोमच्या अंगाला मात्र ते रेंगाळतं. विश्वातल्या हायड्रोजनचंही असंच झालं, हे कळायला अर्धं शतक गेलं.

महास्फोटानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी अणू बनले आणि अवकाश उदासीन (विद्युतभार नसलेल्या) हायड्रोजननं भरलं. हेच ते धुकं. पुढे पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी ते अणू पुन्हा फोडले. हेच पुनर्आयनीभवन.

1965 मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी 3सी 9 या क्वेसारचा, म्हणजे फार दूरच्या अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राचा, वर्णपट मिळवला. ताम्रसृती म्हणजे विश्व पसरल्यामुळे प्रकाश किती ताणला त्याचं माप; ती जितकी मोठी, तितका प्रकाश जुना. इथं ती 2, म्हणजे प्रकाशलहरी तिपटीनं ताणलेल्या. हायड्रोजन 121.6 नॅनोमीटरचा प्रकाश गिळतो. तो एरवी वातावरणातच अडतो, इथं मात्र 365 नॅनोमीटरवर येऊन दुर्बिणीत उतरला. जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी त्याच वर्षी हिशेब मांडला: वाटेत उदासीन हायड्रोजन भरून असता, तर वर्णपटात या 365 नॅनोमीटरच्या निळ्या बाजूला काळोखच दिसायला हवा. तसा तो नव्हता. धुकं त्याआधीच उठलं होतं! न दिसलेल्या काळोखावरून एवढं ओळखणं मला आजही थक्क करतं.

तो काळोख सापडायला 36 वर्षं लागली. 2001 मध्ये स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या 6.28 ताम्रसृतीच्या क्वेसारमध्ये तो दिसला, विश्व साधारण 90 कोटी वर्षांचं असतानाचा. मग ‘पुनर्आयनीभवनाचा शेवट ताम्रसृती 6 च्या आसपास’ हे रूढ झालं.

पण दहा हजारांत एक अणू उदासीन उरला तरी काळोख होतो. त्यामुळे धुकं दाट होतं की नुसता शेष, हे त्यावरून ठरत नाही. 2015 मध्ये जॉर्ज बेकर आणि सहकाऱ्यांनी एका क्वेसारच्या प्रकाशाच्या वाटेवर ताम्रसृती 5.5 पर्यंत खाली येणारा लांबलचक काळा पट्टा दाखवला. त्याच काळातल्या इतर वाटांवर प्रकाश झिरपत होता. 2018 मध्ये सुबारू दुर्बिणीनं त्या पट्ट्याभोवती पाहिलं, तर दीर्घिका फारच कमी. म्हणजे उजेडाची वस्तीच तिथं विरळ. पुढच्या वर्षी गिरीश कुलकर्णी (आता मुंबईच्या टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आणि सहकाऱ्यांच्या संगणकीय प्रारूपात 5.5 च्याही अलीकडे उदासीन वायूची बेटं उरलेली निघाली. 2022 मध्ये सारा बॉसमन यांच्या गटानं 67 क्वेसारांच्या वाटा मोजून शेवट 5.3 वर आणला: विश्व सुमारे 110 कोटी वर्षांचं असताना.