कोड लिहून देणाऱ्या एआयचं बिल: ठरलेल्या हप्त्यापासून मीटरपर्यंत

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देणाऱ्या छोट्या मंडळींचं काम बहुतेक उक्तंच असतं. सूत किती दिलं, माल किती आला, मजुरी किती निघाली, सगळं एका ठरलेल्या रकमेत. एआयचा खर्च त्यात वेगळा लावता येत नाही. तो आपल्याच खिशातून जातो.

जून 2021 मध्ये कोडच्या ओळी सुचवणारा एआय, गिटहब कंपनीचा कोपायलट, चाचणीसाठी आला तेव्हा फुकट होता. वर्षभराने दर लागला: महिन्याला 10 डॉलर, तेव्हाचे साधारण 780 रुपये. विद्यार्थ्यांना मात्र मोफतच ठेवला. सवय लावायची ही जुनीच रीत. त्याच वर्षी गिटहबने 95 प्रोग्रामरांवरचा प्रयोग जाहीर केला. जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहायला कोपायलटवाल्यांना 55 टक्के कमी वेळ लागला. पण आकडा विकणाऱ्याचा आणि काम कोऱ्या पाटीवरचं!

10 डॉलर हा खरा भाव नव्हताच. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने छापलं की गिटहबची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टला कोपायलटच्या प्रत्येक ग्राहकामागे महिन्याला सरासरी 20 डॉलरहून जास्त तोटा होत होता. पुढे एआय फक्त ओळ सुचवून थांबेना. दहा फायली उघडून स्वतःच काम करू लागला. खर्च वाढला आणि 2025 मध्ये मीटर बसलं. कोपायलटच्या 10 डॉलरमध्ये तेव्हा महागड्या मॉडेलच्या 300 विनंत्या होत्या, पुढे प्रत्येकी 4 सेंट. कर्सर या कोड लिहिणाऱ्या दुसऱ्या एआयनेही दर वापरावर नेला, ग्राहक भडकले आणि जुलैत कंपनीला माफी मागावी लागली.

त्याच महिन्यात मेटर या संस्थेचा अभ्यास आला. आपल्या रोजच्या प्रकल्पांवर काम करणाऱ्या 16 अनुभवी प्रोग्रामरांना एआय वापरून 19 टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र आपलं काम 20 टक्के लवकर झालं असं वाटत होतं. नमुना लहान आहे, पण जुनं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला हाच अभ्यास जवळचा वाटेल.

कारण वेळ जातो तपासण्यात. टॉवेलचंच बघा. नगाला 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून ती मर्यादा 2500 झाली. त्याआधीच्या माहितीवर शिकलेलं मॉडेल बिलाच्या कोडमध्ये बिनदिक्कत 1000 लिहून मोकळं होतं. कोड चालतो, बिल छापलं जातं, एररही येत नाही. 1200 रुपयांच्या नगाचं बिल काढून पाहिलं, तरच चूक सापडते.