गोवा, दमण व दीव विधानसभा निवडणूक, १९८०

गोवा, दमण व दीव या तत्कालीन केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेसाठी जानेवारी १९८० मध्ये झालेली निवडणूक. ३० जागांपैकी (गोव्यात २८, दमण व दीवमध्ये प्रत्येकी एक) काँग्रेसच्या अर्स गटाला (देवराज अर्स यांच्या नावाने ओळखला जाणारा, इंदिरा गांधींपासून फुटलेला गट) २०, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) ७ आणि अपक्षांना ३ जागा मिळाल्या. प्रतापसिंह राणे १६ जानेवारीला मुख्यमंत्री झाले. ते मूळचे मगोचेच.

मगोची सत्ता नेमकी कधी संपली, याविषयी लेखनात एकवाक्यता नाही. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद (भाऊसाहेब) बांदोडकर मुख्यमंत्री झाले. तिथपासून १९८० पर्यंत मोजून सोळा वर्षांची सलग राजवट मांडण्याचा प्रघात आहे. मात्र गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे की नाही यावरील जनमत कौल (१६ जानेवारी १९६७) निःपक्षपणे व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने आधी राजीनामा दिला होता आणि त्या काळात राष्ट्रपती राजवट होती; तेव्हा ‘सलग’ हा शब्द काटेकोर नाही. शेवटचे टोकही वादाचे आहे. बांदोडकरांच्या निधनानंतर (१९७३) त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७७ मध्ये पक्षाला ३० पैकी १५, म्हणजे बरोबर निम्म्याच जागा मिळाल्या होत्या. स्वपक्षीय आमदार फुटल्याने एप्रिल १९७९ मध्ये सरकार कोसळले व पुन्हा राष्ट्रपती राजवट आली. त्यामुळे काही अभ्यासक सत्तान्तराचे श्रेय मतपेटीपेक्षा पक्षांतराला देतात. या मताला तथ्य आहे; तरी फुटीने सरकार गेले आणि निवडणुकीने परतीची वाट बंद केली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

पराभवाच्या कारणांत कूळकायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीचा उल्लेख नेहमी येतो. तिने कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देऊ केली. १९७५ च्या मुंडकार कायद्याचा रोख घराकडे होता: भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, घर बांधून राहणारा, त्या बदल्यात माडांची राखण वा पडेल ते काम करणारा मुंडकार मालकाच्या मर्जीनुसार हुसकला जाऊ नये, ही तरतूद. भाटकार दुखावले हे खरे. पण ते पूर्वीही मगोचे मतदार फारसे नव्हते. बहुजन समाजातील मतांची फाटाफूट आणि पूर्वीच्या, विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोअन्स पक्षातील मोठ्या गटाचे काँग्रेसमध्ये जाणे, ही कारणे अधिक वजनदार दिसतात. विलीनीकरणाचा प्रश्न १९६७ मध्येच निकालात निघाल्याने पक्षाच्या नावातला ‘महाराष्ट्रवाद’ तोवर निव्वळ नावापुरता उरला होता.

लोकसभेत मात्र चित्र वेगळे होते. त्याच महिन्यातील निवडणुकीत उत्तर गोव्यातील पणजी मतदारसंघातून मगोच्या संयोगिता राणे विजयी झाल्या, तर मुरगावातून अर्स काँग्रेसचे एदुआर्द फालेरो. पक्षाचा उत्तरेतील जुना पाया पुरता ढासळला नव्हता, असा याचा अर्थ लावता येतो. दमण व दीवमधील लढतींकडे अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

केंद्रात इंदिरा गांधी परतल्यावर अर्स गटाचे आमदार लवकरच इंदिरा काँग्रेसमध्ये गेले. पुढे काकोडकरांनीही काँग्रेसची वाट धरली व कालांतराने त्या मगोत परतल्या. १९८९ मध्ये घटक राज्याच्या ४० सदस्यीय विधानसभेत मगोने १८ जागांपर्यंत मजल मारली. स्वबळावर बहुमत मात्र त्याला पुन्हा मिळाले नाही.