शिकागोचे जागतिक प्रदर्शन, १८९३

कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला, त्या घटनेला चारशे वर्षे झाल्यानिमित्त शिकागो शहरात मिशिगन सरोवराकाठच्या जॅक्सन पार्कमध्ये १ मे ते ३० ऑक्टोबर १८९३ या काळात भरलेले आंतरराष्ट्रीय प्रदर्शन. ‘वर्ल्ड्स कोलंबियन एक्स्पोझिशन’ हे त्याचे अधिकृत नाव. चारशेवे वर्ष खरे तर १८९२ मध्येच पुरे झाले होते; त्या वर्षीच्या ऑक्टोबरात समर्पणाचा सोहळा पार पडला, पण इमारती अपुऱ्या असल्याने प्रदर्शन प्रत्यक्ष खुले व्हायला पुढचा मे उजाडला. सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ७० लाख प्रवेश नोंदले गेले, आणि त्या वेळी अमेरिकेची लोकसंख्या साडेसहा कोटींच्या आसपास होती. विजेचे दिवे, आकाशपाळणा आणि शुभ्र प्रासादांची रांग यांमुळे हे प्रदर्शन प्रसिद्ध पावले. तिथे कोणाला बोलण्याची संधी मिळाली आणि कोणाला नुसते मांडून ठेवले गेले, हा प्रश्न मात्र त्या झगमगाटाइतकाच महत्त्वाचा आहे.

बांधकामाचे प्रमुख वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅम होते. त्यांचे भागीदार जॉन रूट जानेवारी १८९१ मध्ये न्यूमोनियाने अकाली वारले, आणि पुढची सर्व जबाबदारी बर्नहॅम यांच्यावर आली. उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी दलदलीच्या, वाळूच्या जागेतून कालवे, सरोवरे व झाडीचे बेट निर्माण केले. मुख्य चौकाभोवतीच्या इमारती अभिजात ग्रीक-रोमन शैलीच्या होत्या आणि त्यांना पांढरा रंग दिलेला असल्यामुळे लोक त्या परिसराला ‘व्हाइट सिटी’, म्हणजे श्वेतनगरी, म्हणू लागले. संगमरवराचा भास देणाऱ्या या भिंती प्रत्यक्षात लोखंडी व लाकडी सांगाड्यावर प्लास्टर आणि तागाच्या मिश्रणाचा थर देऊन केलेल्या होत्या आणि त्या टिकवण्याचा हेतूच नव्हता. वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी वाहतूक विभागाची इमारत रंगीत, सोनेरी कमानीची बांधून या शैलीशी फारकत घेतली. स्त्रियांच्या कामासाठी उभारलेल्या स्वतंत्र इमारतीचा आराखडा सोफिया हेडन या तरुण वास्तुविशारद स्त्रीने केला, परंतु त्याच प्रदर्शनातील पुरुष वास्तुविशारदांच्या मानाने तिला मोबदला फारच थोडा मिळाला.

राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी उद्घाटनाच्या दिवशी कळ दाबताच यंत्रे व कारंजी सुरू झाली. दिव्यांचे कंत्राट मिळवताना जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या कंपनीने जनरल इलेक्ट्रिकपेक्षा बरीच कमी किंमत भरली होती. एडिसनच्या दिव्याच्या एकस्वाधिकाराचा (पेटंटचा) भंग होऊ नये म्हणून वेस्टिंगहाउसने काचेचे बूच बसवलेला दोन भागांचा दिवा घाईघाईने तयार केला. तो लवकर निकामी होई, त्यामुळे दिवे सारखे बदलावे लागत. तरीही निकोला टेस्ला यांच्या प्रत्यावर्ती (एसी) विद्युत्‌प्रवाहाच्या पद्धतीवर एवढे मोठे आवार उजळता येते, हे लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी नायगारा धबधब्यावरील वीजनिर्मितीचे काम वेस्टिंगहाउसकडे गेले. घरात मिणमिणता दिवा किंवा गॅसबत्ती असलेल्या माणसाला या रोषणाईने काय वाटले असेल, याची कल्पना आज करणे अवघड आहे. विजेवर चालणारी उन्नत रेल्वे, धक्क्यावरील सरकता पदपथ, जोसेफिन कॉक्रेन यांचे भांडी धुण्याचे यंत्र आणि एलिशा ग्रे यांचे हस्ताक्षर तारेने दूरवर पोहोचवणारे यंत्रही येथे होते. जर्मनीच्या क्रुप कारखान्याने प्रचंड तोफांसाठी वेगळा मंडप उभारला होता आणि तिथेही गर्दी कमी नसे.

पॅरिसच्या १८८९ च्या प्रदर्शनातील आयफेल मनोऱ्याला तोडीस तोड काही हवे, या आग्रहातून जॉर्ज फेरिस यांचा आकाशपाळणा उभा राहिला. हाताने फिरवायचे लाकडी पाळणे आशिया व युरोपातील जत्रांमध्ये फार पूर्वीपासून होते; फेरिस यांनी ती कल्पना पोलादात आणि पूल बांधणाऱ्या अभियंत्याच्या हिशेबाने उतरवली. पाळण्याची उंची २६४ फूट होती. त्याला ३६ डबे होते आणि प्रत्येकात ६० माणसे मावत, म्हणजे एका वेळी २,१६० जण हवेत जाऊ शकत. आस पंचेचाळीस फुटांचा आणि चाळीस टनांहून जड, एकसंध घडवलेला होता. पाळणा २१ जूनला, म्हणजे उद्घाटनानंतर सात आठवड्यांनी, सुरू झाला. फेरीचे तिकीट ५० सेंट, प्रदर्शनाच्या प्रवेशाइतकेच होते. त्यानंतर तीन वर्षांनी फेरिस कर्जबाजारी अवस्थेत वारले आणि १९०६ मध्ये पाळणा सुरुंग लावून पाडण्यात आला.

हा पाळणा ‘मिडवे प्लेझन्स’ या मैलभर लांबीच्या पट्ट्यात होता. तिथे कैरोचा रस्ता, जावाचे खेडे, पश्चिम आफ्रिकेतील डाहोमीचे खेडे अशा वसाहती रचून त्यांत त्या-त्या देशांतली माणसे राहायला आणली होती. हा पट्टा कागदोपत्री हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक पटनम यांच्या विभागाकडे होता, पण व्यवहारात सॉल ब्लूम या तरुण उद्योजकाने तो तिकिटाचा धंदा म्हणून चालवला. शास्त्र आणि तमाशा यांची ही सरमिसळ मला या प्रदर्शनाचे सर्वांत गंभीर वैगुण्य वाटते, कारण पाहणाऱ्याला प्रगत आणि मागास अशी माणसांची उतरंड तिथे आपोआप शिकवली जात होती. कॅनडाच्या थंड लॅब्राडॉर किनाऱ्यावरून आणलेल्या इन्युइट कुटुंबांना गरमीच्या दिवसांतही कातड्याचे केसाळ पोशाख घालावे लागत. त्यावरून चालकांशी तंटा झाला आणि त्यांतील अनेकांनी आवाराबाहेर स्वतंत्र मुक्काम थाटला. पटनम यांचे साहाय्यक फ्रान्झ बोआस यांनी व्हँकूव्हर बेटाकडील क्वाक्वाकावाक्व लोकांचे समारंभ येथे दाखवले. याच बोआस यांनी पुढे वांशिक उतरंडीच्या कल्पनेवर आयुष्यभर कडाडून टीका केली.

ज्या जमिनीवर हे शहर वसले ती पोटावाटोमी या मूळनिवासी लोकांनी १८३३ च्या कराराने गमावली होती. त्यांचे पुढारी सायमन पोकॅगन यांनी भूर्जपत्रासारख्या बर्च झाडाच्या सालीवर छापलेली निषेधपत्रिका प्रदर्शनाच्या काळात प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीय अमेरिकनांना तर आयोजनातूनच वगळले होते. नियुक्त राष्ट्रीय आयोगावर सुरुवातीला त्यांचा एकही सदस्य नव्हता. त्याचा जाब विचारणारी पुस्तिका कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी गुलामगिरीतून सुटलेले ज्येष्ठ नेते फ्रेडरिक डग्लस, गार्लंड पेन आणि फर्डिनंड बार्नेट यांच्या साहाय्याने काढली व ती हैतीच्या दालनातून वाटली. डग्लस हैतीतील अमेरिकेचे माजी राजदूत होते आणि हैती सरकारने त्यांना आपल्या दालनाचे प्रतिनिधी नेमले होते. स्वतःच्या देशाच्या प्रदर्शनात त्यांना बसायला जागा मिळाली ती परक्या देशाच्या छपराखाली. २५ ऑगस्टला ‘कृष्णवर्णीय दिन’ ठेवला गेला तेव्हा वेल्स यांनी त्यावर बहिष्कार घातला, तर डग्लस यांनी त्याच व्यासपीठावरून देशाला खडे बोल सुनावले.

मुख्य आवाराबाहेर, शहरातील आर्ट इन्स्टिट्यूटच्या नव्या इमारतीत ११ ते २७ सप्टेंबरदरम्यान सर्वधर्मपरिषद भरली. ती प्रदर्शनाच्या जोडीने योजलेल्या परिषदांपैकी एक होती. ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून निघालेले स्वामी विवेकानंद पहिल्याच दिवशी बोलले आणि त्यांच्या भाषणाने हे प्रदर्शन भारतात कायमचे परिचित झाले. मुंबईचे वीरचंद गांधी यांनी जैन धर्माची बाजू मांडली, तर मुंबईचेच बी. बी. नगरकर यांनी सुधारक ब्राह्म मताच्या वतीने भारतातील समाजसुधारणेवर व्याख्यान दिले. मिडवेवरच्या आशियाई माणसाला तिकीट काढून पाहिले जात होते. इथे आशियाई माणूस स्वतःच्या शब्दांत आपली ओळख करून देत होता. एकाच शहरात, एकाच ऋतूत घडलेल्या या दोन गोष्टींत परिषदेचे मोल अधिक स्पष्ट दिसते.

प्रदर्शनातील सर्वांत भीषण दुर्घटना १० जुलै रोजी शीतगृहाच्या इमारतीत घडली. खाद्यपदार्थ थंड ठेवणाऱ्या या इमारतीचे लोखंडी धुराडे देखण्या लाकडी मनोऱ्याच्या आत लपवलेले होते. आग मनोऱ्याच्या माथ्याला दिसली म्हणून अग्निशमन दलाचे जवान वर चढले. तेवढ्यात धुराड्यालगतच्या पोकळीतून ठिणग्या खाली उतरून त्यांच्या पायांखालीच आग भडकली आणि परतीची वाट बंद झाली. काहींनी दोर व पाण्याच्या नळीवरून खाली उतरण्याचा प्रयत्न केला, काहींनी उड्या टाकल्या, आणि हे सारे हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडले. मृतांत १२ अग्निशामक होते. याआधीही त्या इमारतीला आग लागली होती. कॉरोनरच्या, म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, पंचांनी बर्नहॅमसह काही जणांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. शोभेसाठी धुराडे झाकण्याचा निर्णय इतका महागात पडला.

प्रदर्शन चालू असतानाच देश आर्थिक संकटात सापडला. बँका बुडत होत्या, शहरात बेकारांच्या झुंडी होत्या. तरी ९ ऑक्टोबरच्या ‘शिकागो दिनी’ सात लाखांहून अधिक लोक आले. २८ ऑक्टोबर रोजी महापौर कार्टर हॅरिसन यांचा, आपल्याला सरकारी पद मिळायला हवे होते अशा भ्रमाने पछाडलेल्या प्रेंडरगास्ट नावाच्या इसमाने गोळ्या झाडून खून केला आणि समारोपाचा सोहळा रद्द झाला. याच काळात शहरात एच. एच. होम्स हा खुनी भामटा वावरत होता आणि एका खुनाबद्दल त्याला १८९६ मध्ये फाशी झाली. मात्र त्याने शेकडो प्रवाशांना खास बांधलेल्या हॉटेलात मारले, ही लोकप्रिय कथा वृत्तपत्रांच्या अतिशयोक्तीवर पोसलेली आहे. त्याने कबुली दिलेल्या ‘बळीं’पैकी काही जण जिवंत निघाले. प्रदर्शनाची काळी बाजू म्हणून त्याचेच नाव पुढे केले जाते, तेव्हा आयोजकांनी स्वतः आखलेली भेदभावाची व्यवस्था नजरेआड होते.

रेल्वेडबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीतील संपाने शहर ढवळून निघाले असताना ५ जुलै १८९४ रोजी लागलेल्या आगीत मुख्य चौकातील प्रासाद जळून गेले. बर्नहॅम यांनी १९०९ मध्ये शिकागोचा नगररचना आराखडा दिला आणि सुंदर शहरांच्या चळवळीला या श्वेतनगरीतूनच चालना मिळाली. सलिव्हन यांना मात्र तिने अमेरिकन वास्तुकलेला मागे खेचले असे अखेरपर्यंत वाटत राहिले. संग्रहित वस्तूंतून फील्ड संग्रहालय उभे राहिले. ललित कलांचा प्रासाद पुढे पक्क्या दगडात पुन्हा बांधण्यात आला आणि १९३३ पासून त्यात विज्ञान व उद्योग संग्रहालय आहे.