डिस्क दुरुस्त करणं वेगळं, डेटा बाहेर काढणं वेगळं

लॅपटॉप अचानक संथ झालाय, एकेक फोल्डर उघडायला मिनिटं लागतायत, मध्येच सगळं गोठतंय, आणि वडिलांच्या साठीशांतीचे फोटो त्यातच आहेत. असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "चेकडिस्क स्लॅश आर मार, होईल नीट." मग दुसरा येतो, "रिकुव्हा टाक." दोघांचाही हेतू चांगला असतो. पण विचारणाऱ्याला फोटो हवे असतात आणि उत्तर मिळतं डिस्कबद्दल.

चेकडिस्क म्हणजे विंडोजमधली डिस्क तपासायची कमांड. नुसती चालवली तर ती फक्त बघते. स्लॅश एफ लावला तर फाइल सिस्टिमचा, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे त्या नोंदवहीचा, हिशोब जुळवते, स्लॅश आर लावला तर तेही करते आणि वर सेक्टरन् सेक्टर (डिस्कचा एकेक छोटा कप्पा) वाचून पाहते. दिवे गेले, कुणी पेनड्राइव्ह उपसून काढला, हिशोब चुकला, तर ती जरूर वापरा. तिथे डिस्क धडधाकट असते.

डिस्कच मरायला लागली असेल तर मात्र डीडीरेस्क्यू. त्याला फाइल म्हणजे काय हेच कळत नाही. अंतोनियो दियास यांनी 2004 पासून सांभाळलेला हा ग्नू प्रोग्रॅम डिस्क जशीच्या तशी दुसरीकडे उतरवून घेतो. सहज वाचता येईल ते आधी उचलतो, जिथे अडेल तो भाग सोडून पुढे जातो, आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतो. अडलेल्या जागांकडे सगळ्यात शेवटी वळतो. मध्येच थांबवा, उद्या चालवा, मॅपफाइल पाहून तिथूनच पुढे सुरू.

आता खरी मेख. चेकडिस्कची बांधिलकी फाइल सिस्टिमशी आहे, तुमच्या फोटोंशी नाही. एखाद्या फोल्डरची नोंद वाचता आली नाही तर ती नोंद उडवून हिशोब जुळवणं हेच तिचं काम. निराधार झालेले तुकडे फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये नंबर घालून टाकते आणि दुरुस्ती झाल्याचं समाधानाने कळवते. हे सगळं ती लिहिते कुठे? त्याच मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर. शिवाय एखादा खराब पट्टा लागला की ती तिथेच घुटमळते, आणि पलीकडचा ठणठणीत डेटा रांगेत ताटकळत राहतो. हेडची, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या टोकाची, शक्ती संपत आलेली असताना हा वेळ तुमच्याकडे नसतो. पडायला आलेल्या वाड्याचा गिलावा करण्याआधी आतलं सामान रस्त्यावर आणतात ना, तसं.

"पण बॅड सेक्टर दुरुस्त होतात की!" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, म्हणून जरा सविस्तर. सेक्टर वाचता आला नाही की ड्राइव्ह त्याला पेंडिंग यादीत टाकतो. ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतो त्या स्मार्टच्या तक्त्यात हा 197 नंबरचा आकडा. त्यातला जुना मजकूर पुढच्या एखाद्या प्रयत्नात वाचला जाईल, अशी शक्यता अजून असते. मग त्या सेक्टरवर कुणीतरी नवीन काही लिहितं. आता जुना मजकूर वाचायचं कारणच उरत नाही. जागा ठीक निघाली तर ड्राइव्ह तीच वापरतो, नाहीतर राखीव साठ्यातला सेक्टर तिच्या जागी बसवतो आणि 5 नंबरचा आकडा वाढतो. पेंडिंगचा आकडा शून्यावर येतो, सगळे खूश. बॅड सेक्टर गेला खरा, पण फोटोचा तो तुकडाही त्याच्याबरोबर गेला. चेकडिस्कही खराब क्लस्टरच्या (सेक्टरांच्या गटाच्या) बदली फाइलला नवा क्लस्टर देते; त्यात जुनं जे वाचता आलं नाही ते कुठून येणार? "बॅड सेक्टर बरे करतो" म्हणणारे विकतचे प्रोग्रॅम मी फुकट दिले तरी घेणार नाही.

म्हणून आधी क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल या स्मार्टचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 5, 197 आणि 198 बघा. आकडे शून्य नसतील आणि वाढत असतील, तर आधी इमेज, म्हणजे डीडीरेस्क्यूने उतरवलेली अख्ख्या डिस्कची नक्कल. फक्त 199 वाढतोय? बहुधा केबलची गडबड आहे. चेकडिस्क चालवायचीच असेल तर इमेजच्या प्रतीवर हौसेने चालवा.

रिकुव्हाबद्दल थोडक्यात: ते चांगल्या डिस्कवरून चुकून उडवलेल्या फाइलींसाठी आहे, आणि तेव्हाही त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करायचं नसतं. मरत्या डिस्कवर डीप स्कॅन म्हणजे पुन्हा तोच छळ. हरवलेल्या फाइली शोधून काढणारा फोटोरेकही इमेजवरच चालवा. फाइलींची मूळ नावं मात्र बहुतेक जातात.

ड्राइव्ह काढून सटा-टू-यूएसबी केसिंगमध्ये घाला (काही शे रुपयांत मिळते) आणि दुसरा संगणक लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. विंडोजला जोडलीत तर ते फॉरमॅट करू का म्हणून विचारेल, नाही म्हणा. उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे. डीडी आणि रेस्क्यू यांच्यामध्ये अंडरस्कोअर असलेला प्रोग्रॅम वेगळा, कुर्ट गार्लोफ यांचा. कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी जागा. उलट लिहिलंत तर कोणताही प्रोग्रॅम वाचवणार नाही, म्हणून साइज आणि सिरियल नंबर पाहूनच एंटर दाबा. 500 जीबीच्या ड्राइव्हवर 80 जीबीच भरलेलं असलं तरी इमेजसाठी जागा 500 ची धरा, आणि तीही फॅट32 नको, कारण तिथे 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. मॅपफाइलशिवाय चालवणाऱ्यांना मी समजूच शकत नाही. ती लाइव्ह सेशनमध्येही (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये) ठेवू नका, रीस्टार्ट केलं की गेली.

एक अपवाद मी करतो. जीव अडकलाय तो एकाच फाइलीत, समजा प्रबंधात, आणि ती अजून उघडतेय, तर ती आधी कॉपी करा, मग इमेज.

टकटक आवाज येत असेल तर मात्र डीडीरेस्क्यूसुद्धा नको. वीज बंद. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतो. तो बिघडला असेल तर प्रत्येक फेरीत पृष्ठभाग खरवडला जाऊ शकतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही फिरतो. त्याने आत दव धरतं. झाकण तर घरी उघडूच नये. क्लीन रूम असलेली लॅब गाठा, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते त्यांना खरं सांगा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून आधीच शोधून ठेवा. ती नसेल तर परिपूर्ण निघालेली इमेजही उघडणार नाही.