जबड्यात विरजण घेऊन उडणारी राणी

जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की झाड मुंग्यांनीच खाल्लं असं समजून लोक त्यांच्यावर पावडर मारतात. रस शोषत असतो तो पानाच्या देठाशी चिकटलेला पांढरा पिठ्या ढेकूण. मुंग्या येतात त्याच्या विष्ठेसाठी. पानांवरचा तो गोड चिकटा म्हणजे विष्ठाच!

ती गोड का? झाडाच्या रसवाहिन्यांतल्या रसात साखर भरपूर, पण अमिनो आम्लं फार थोडी. वाढीपुरता नायट्रोजन मिळवायचा तर किड्याला रस पीतच राहावं लागतं आणि नको तेवढी साखर पोटात जाते. रस किड्याच्या रक्तापेक्षा कितीतरी दाट असतो. त्यामुळे परासरणाने, म्हणजे पाणी पातळ द्रवाकडून दाट द्रवाकडे जात असल्याने, अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जाऊन किडा भरल्या पोटी सुकून मरायला हवा. मावा या किडीत यावरचा उपाय नीट अभ्यासला गेला आहे. तिच्या आतड्यातलं विकर (एन्झाइम) रसातली सुक्रोज ही साखर तोडतं आणि सुटे झालेले ग्लुकोजचे रेणू जोडून लांब साखळ्या बनवतं. परासरण दाब रेणू किती मोठे आहेत यावर नव्हे, किती आहेत यावर ठरतो. रेणू जोडले की संख्या घटते, दाब उतरतो आणि साखर पाणी न ओढता बाहेर पडते. मला तरी हे रसायनशास्त्र कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटतं. काळ्या मुंग्या आल्या की लक्ष्मी येते, या समजुतीला मात्र काहीच आधार नाही. मुंगी अन्नाच्या आणि ओलाव्याच्या मागे येते.

या टाकाऊ साखरेवर ॲक्रोपायगा मुंग्यांचं सगळं पोट चालतं. जेमतेम काही मिलिमीटरच्या, फिकट पिवळ्या, डोळे नावापुरते; आयुष्य जमिनीखाली, मुळांवरच्या पिठ्या सांभाळण्यात. यांतली ॲक्रोपायगा ॲक्युटिव्हेंट्रिस ही जात भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडते.

बहुतेक मुंग्यांची नवी राणी अंगातली चरबी आणि पंखांचे स्नायू जिरवून पहिली पिल्लं वाढवते. ॲक्रोपायगाच्या राणीला तेवढ्याने भागत नाही, कारण पुढे कामकरी मुंग्या खाणार काय? म्हणून वारूळ सोडतानाच ती एक गाभण पिठ्या मादी जबड्यात अलगद धरून उडते. नव्या बिऱ्हाडी विरजण न्यावं तशी. त्या एका मादीपासून नवा कळप वाढतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकात मिळालेल्या १.५ ते २ कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत अशा राण्या पिठ्यांसकट अडकलेल्या सापडल्या आहेत.

वारूळ उघडं पडलं की कामकरी मुंग्या पिठ्यांनाही उचलून आत पळवतात, स्वतःच्या पिल्लांना न्यावं तसंच.