गिऱ्हाईक ‘बाहेरचं’ असलं तरी कायदा लागू होतोच

हॉटेलांत काम करणाऱ्या मुलींना वर्षानुवर्षं एकच गोष्ट ऐकवली जाते: लैंगिक छळाचा कायदा फक्त साहेब आणि सहकाऱ्यांपुरता आहे, गिऱ्हाईक बाहेरचं, त्याला तो लागत नाही. हे चूक आहे.

२०१३च्या या कायद्यातलं कलम १९ मालकाची कर्तव्यं सांगतं. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनही महिलेला सुरक्षित ठेवणं, हे त्यातलं पहिलंच. टेबलावर बसलेला माणूस यात आलाच की! छळणारा कर्मचारी नसला आणि तिची इच्छा असली, तर फौजदारी कारवाई सुरू करून देणंही मालकाकडेच येतं. त्याआधी, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा निकालातही बाहेरच्या व्यक्तीकडून होणाऱ्या छळाचा मुद्दा होता. म्हणजे हे काही नवं नाही.

‘मी टेम्पररी आहे’, ‘ठेकेदाराकडून आलेय’ हेही आड येत नाही. शिकाऊ मुलगीही कायद्याने कर्मचारीच. दहापेक्षा कमी माणसांच्या खानावळीत अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नसते, तेव्हा जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. तक्रार करायची मुदत साधारण तीन महिन्यांची.

खरी गोम टीपमध्ये आहे. पगार तुटपुंजा आणि वरकड कमाई गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, मग हात धरला तरी हसायचं, आणि मॅनेजर म्हणणार, ‘रेग्युलर आहेत, सांभाळून घे.’ टीप वाढलेल्या ताटाची असते, अंगाला हात लावण्याची नव्हे. ती घेतली म्हणून संमती दिली असं कोणत्याही कलमात लिहिलेलं नाही.